घरचं सोडियम

परवा बल्लारपूर रोडवर सिग्नलला माझ्या स्कूटरपुढे तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, पोत्यांचा ट्रक येऊन थांबला. मे महिना, दुपारचं ऊन, तोंडावर घट्ट बांधलेला स्कार्फ; आणि त्या स्कार्फमधूनही वास आलाच. वाळलेल्या तेंदूपानाचा वास चहापत्ती संपलेल्या डब्यासारखा असतो. डबा रिकामा असतो, पण झाकण काढलं की चहा आहेच. सिग्नल सुटला, ट्रक गेला, मागच्याने हॉर्न वाजवला. मी कॉलेजात पोचले, परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण केलं, एका मुलाची चिठ्ठी पकडली. कामं सगळी नीट झाली. पण दिवसभर मी नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात होते, एटापल्लीच्या पलीकडच्या एका फडावर.

आम्ही वडसाचे. अब्बांचं बाजारात डबे-कंदील दुरुस्तीचं दुकान होतं, आणि उन्हाळ्यात ते तेंदूच्या फडावर मुन्शी म्हणून जात. फड म्हणजे जंगलातली एक साफ केलेली, सपाट जागा. आसपासच्या गावांतल्या, टोल्यांतल्या म्हणजे लहान वस्त्यांतल्या बाया पहाटे पानं तोडतात, घरी बसून त्यांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फडावर आणतात. मुन्शी ते पाहून घेतो. मग पुडे जमिनीवर ओळीने मांडायचे, उन्हात वाळवायचे, पलटायचे, पोत्यांत भरायचे. हंगाम एवढासा असतो. वळवाचा एक पाऊस आला की सगळं पाण्यात जातं.

त्या वर्षी अम्मी माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला बल्लारशाला गेली होती. अब्बांना भाकरी करून घालायला कोणीतरी हवं होतं, आणि नागपूरला माझ्या हॉस्टेलची मेस बंद झाली होती. मी पिशवीत दोन कुर्ते, आलेखाचे कागद, पेन्सिली आणि कॅल्क्युलेटर घातला आणि एसटीने निघाले. पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण लिहायचं होतं. फडावर बांबूचा मांडव होता, वर जांभळीच्या फांद्या. दुपारी तिथे वारा आला तरी भट्टीचं दार उघडल्यासारखा येई. कागदावर घामाचा थेंब पडला की पेन्सिलीची रेघ फुगायची. लांब सूरजागडचे डोंगर धुरकट निळे दिसत, तेवढाच थंडावा.

माझं काम होतं तांबड्या राक्षसी ताऱ्यांवर. नाव भीतिदायक आहे, प्राणी गरीब. तारा म्हातारा झाला, पोटातलं हायड्रोजनचं इंधन संपत आलं की तो फुगतो, वरून गार होतो, तांबडा दिसतो. असे तारे मी पाहत होते ते गोलाकार तारकागुच्छांतले. लाखो तारे एकमेकांना धरून गोळा झालेले, सगळे एकाच ढगातून, साधारण एकाच काळात जन्मलेले. म्हणजे एका घरची, एका चुलीवरची लेकरं. तेव्हा सगळ्यांच्या अंगातली द्रव्यं सारखी असायला हवीत. नसतात. काही ताऱ्यांत ऑक्सिजन कमी, आणि जिथे ऑक्सिजन कमी तिथे सोडियम जास्त. एका अक्षावर ऑक्सिजन आणि दुसऱ्यावर सोडियम मांडलं की ठिपके उतरत्या वाटेने घरंगळत जातात. माझ्याकडे स्वतःची दुर्बीण नव्हती. जगातल्या मोठ्या दुर्बिणींनी या ताऱ्यांचा प्रकाश फाकवून त्यातल्या काळ्या रेघा मोजलेल्या असत. त्या रेघांवरून कोणत्या ताऱ्यात काय किती आहे याचा हिशेब मी करी.

हा फरक आला कुठून, यावर तेव्हा दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, ताऱ्याने हे स्वतःच केलं. म्हातारपणी त्याच्या आत घुसळण होते, खोलवर शिजलेला माल वर येतो. ऑक्सिजन जळून कमी झालेला, सोडियम वाढलेलं. दुसरा पक्ष म्हणे, नाही, हे जन्मापासूनच आहे. त्याच गुच्छात आधी काही मोठे तारे होऊन गेले. त्यांनी आपल्या पोटात हे शिजवलं, जाताना आसपासच्या वायूत सोडून दिलं आणि त्या वायूतून हे नंतरचे तारे झाले.

मी पहिल्या पक्षात होते. कारणं शास्त्रीय होती, ती प्रबंधात दिली आहेत. एक कारण प्रबंधात दिलेलं नाही. आमच्या मोहल्ल्यात एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी मी. ‘पोरीला एवढं शिकवून काय करणार’ हे मी सगळ्या वयांत, सगळ्या सुरांत ऐकलं होतं. वसतिगृहाचा अर्ज मी भरला, शिष्यवृत्ती मी मिळवली, गणित मी सोडवलं. अशा माणसाला स्वतःच्या घुसळणीने वर आलेला तारा आवडणारच.

आमच्या सरांनाही तोच पक्ष हवा होता. निघताना म्हणाले होते, “निष्कर्ष ठाम लिही. तळ्यात-मळ्यात करणारा प्रबंध परीक्षक बाजूला ठेवतात.”

फडावर एक रीत होती. ज्या टोल्याचा माल, त्या टोल्याची ओळ. ओळीच्या टोकाला बांबूची खुंटी, तिला चिंधी. कोणाचं पान कसं वाळतंय ते लांबूनही कळे. नाल्यापलीकडच्या टोल्याच्या ओळीत त्या वर्षी डाग यायला लागले. पुडे फडावर येत तेव्हा हिरवेगार, निर्दोष असत. काही उन्हं खाल्ली की पानांवर तपकिरी ठिपके उमटत, ओळ देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखी दिसे. बाकीच्या ओळी तांबूस-पिवळ्या, स्वच्छ.

ठेकेदाराचा चेकर जीपने येई. बाहेरचा माणूस, पायात बूट, हातात कायम टॉर्च, दिवसासुद्धा. त्याने एक पुडा उचलला, सोडला, खाली टाकला.

“मुन्शीजी, ये लोग बासी पत्ता ला रहे हैं. कल तोड़ते हैं, घर में ढेर लगाते हैं, आज लाते हैं. दागी नहीं होगा तो क्या होगा?”

त्या टोल्याची मुखत्यार म्हणजे तानुबाई. चाळिशीची, बारीक, दातांना मिश्री, आणि जीभ फडावरच्या विळ्याहून धारदार. ती पदराने घाम पुसत पुढे झाली.

“बासी भात आम्ही खातो गा भाऊ, बासी पान नाई आणत. कोंबड्याच्या आधी उठतो. तुह्या जीपले विचार, ते कधी उठते.”

बाया हसल्या. चेकर हसला नाही. “अगली बार आऊँगा, तब भी यही हाल रहा तो इस टोले का माल बंद,” असं अब्बांना सांगून निघून गेला. 

माल बंद याचा अर्थ फडावर सगळ्यांना माहीत होता. पावसाळ्याआधी हातात पैसा येण्याचा दुसरा मार्ग त्या टोल्याला नव्हता. तेंदू नाही तर मुलांना घेऊन तेलंगणाच्या बाजूला मिरची तोडायला जायचं, आणि मिरचीचा हंगाम तर उलटून गेलेला. तानुबाईच्या हसण्याला त्या दिवसापासून जरा घाई लागली.

त्याच सुमाराची एक संध्याकाळ. पुडे घेऊन झाले होते, गॅसबत्ती फुरफुरत होती, बाया पाणी पिऊन निघण्याच्या बेतात होत्या. अंधार चांगला दाट झाला होता. मी मांडवाबाहेर येऊन दक्षिणेकडे पाहत उभी होते. मे महिन्यात तिन्हीसांजेनंतर आमच्याकडे नरतुरंग हा तारकासमूह दक्षिणेला वर आलेला असतो, आणि त्यात साध्या डोळ्याला एक पुसट, कापसाच्या बोंडासारखा ठिपका दिसतो. तोच ओमेगा, सगळ्यांत मोठा तारकागुच्छ. माझ्या आलेखावरचे कितीतरी तारे त्यातलेच. नागपूरच्या दिव्यांत तो मला कधी दिसला नव्हता. ज्यावर वर्षं घालवली तो गुच्छ मी प्रथम पाहिला तो तेंदूच्या फडावरून.

“काय पाहून राह्यली व पोरी?” तानुबाई मागून म्हणाली.

“तो ठिपका. झाडांच्या वर, ती दोन ठळक चांदण्यांची जोडी आहे ना, तिच्या उजवीकडे.”

तिने डोळे बारीक केले. “दिसला. मंग?”

“त्यात लाखो तारे आहेत. त्यातल्या काहींच्या अंगात काय जास्त, काय कमी, ते मी काढते. आणि ते कुठून आलं ते.”

“बाप्पा! इतल्या दूरच्या ठिपक्यात काय हाय थे समजते तुले?” तिने मागे वळून बायांना साद घातली. “आयकलं का व? मुन्शीभाऊच्या पोरीले आभायातला ठिपका कुठून आला थो समजते. आमच्या पानावरचा कुठून आला थो नाई समजत!”

सगळा फड हसला. सगळ्यांत जास्त अब्बा. बत्तीचा पंप मारता मारता त्यांना ठसका लागला.

टोमणा बरोबर होता आणि मला तो लागला. मी दुसऱ्या दिवशी पहाटे तानुबाईच्या मागे निघाले.

मला पान तोडता येत नव्हतं. “देठाले धर, वढू नको. तुह्या सासूचे केस नाई व्हय ते.” तिची सून तोंडावर पदर धरून हसत होती. मी नाल्यापलीकडे, त्यांच्या जंगलातली पानं तोडली. परतताना नाल्याच्या अलीकडे थांबून तितकीच तिथली तोडली. दोन्हीचे पुडे मीच बांधले, वेडेवाकडे. पलीकडच्या पुड्यांना ओढणीचा लाल धागा, अलीकडच्यांना पांढरा. ते एकाच ओळीत, एकाच उन्हात, एकाआड एक मांडायचे. डाग घरात लागत असेल तर दोन्हीकडचे पुडे स्वच्छ राहतील. जंगलातूनच येत असेल तर फक्त लाल धाग्यांवर उमटेल. यात हुशारी काही नाही. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण हेच शिकवतो.

वाटेवर मात्र एक गोष्ट झाली. सूर्य झाडांच्या वर आला, थेट डोळ्यांत. मी हातातलं एक पान डोळ्यांवर आडवं धरलं. पलीकडच्या बाजूचं पान होतं. हिरव्यात फिकट, अगदी फिकट ठिपके होते. हातात नुसतं धरलं तर दिसत नव्हते, ऊन आरपार गेलं तेव्हा दिसले. मी दुसरं पान धरलं. त्यातही होते. अलीकडचं धरलं. ते कोरं होतं.

डाग पानात आधीपासून होता. वाळल्यावर तो फक्त दिसायला लागत होता.

मी तिथेच उभी राहिले. तानुबाई पुढे जाऊन ओरडली, “काऊन थांबली व? साप हाय का?” साप नव्हता. माझं शेवटचं प्रकरण होतं. मी माझे तारे वाळल्यावरच पाहिले होते. मीच काय, तेव्हा बहुतेकांनी तसेच पाहिले होते. कारण साधं होतं. गुच्छ इतके दूर असतात की त्यांतले फुगलेले, प्रखर, म्हातारे तारेच काय ते नीट मोजता येत. त्यांच्याच वयाचे, पण वजनाने हलके, म्हणून अजून म्हातारपणाला न पोचलेले तारे फार मंद. त्यांचा प्रकाश फाकवला की हाती काही उरत नसे. आणि न फुगलेल्या ताऱ्याच्या आत ती घुसळण झालेलीच नसते. त्याच्या अंगावर जर तेच सोडियम सापडलं, तर ते त्याने केलेलं असूच शकत नाही. हे काही मला नवीन नव्हतं. दुसऱ्या पक्षाचे लोक हे म्हणतच होते, मी वाचलंही होतं. पण वाचणं आणि पान उन्हात धरणं यांत फरक आहे.

पुडे वाळले. लाल धाग्याचे सगळे ठिपकेदार, पांढऱ्याचे सगळे स्वच्छ. चेकर पुढच्या फेरीला आला तेव्हा मी त्याला ओळ दाखवली, धागे दाखवले, पानं मीच तोडली आणि मीच बांधली हेही सांगितलं. मला वाटलं होतं, सुटला प्रश्न.

त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. “तो फिर जंगल ही खराब है. नाले के उस तरफ का पत्ता लेना ही बंद.”

तानुबाई माझ्याकडे वळली.

“वा व पोरी. कालपावतर आम्ही चोर होतो. आज आमचं जंगल चोर झालं.” आवाज चढला नव्हता. “चोराले सुधरता तरी येते. जंगलाले कुठी सुधरू? आता सांग, आम्ही कुठी जाऊ?”

हे मला तोवर सुचलं नव्हतं. दोष आपला नाही, आधीपासूनचा आहे, हे कळलं की माणूस मोकळा होतो असं आपण धरून चालतो. पण स्वतः केलेली चूक निदान स्वतः दुरुस्त तरी करता येते.

अब्बा उकिडवे बसून लाल धाग्याचा एक पुडा उलटसुलट करत होते. तो त्यांनी जागेवर ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले.

“जंगल खराब नाई,” ते म्हणाले. “त्या बाजूची कटाई नाई झाली औंदा.”

माघ-फाल्गुनात तेंदूची झुडपं बुडातून छाटतात. छाटली की चैत्रानंतर कोवळी, स्वच्छ, मोठी पानं फुटतात. नाही छाटली तर जुन्या फांद्यांवरच पानं येतात आणि जुन्याची सगळी कीड-रोगराई त्यांच्यात उतरते. छाटणीवर मजूर लावणं, पुढे उभं राहून करून घेणं, हे मुन्शीचं काम.

चेकरला ते म्हणाले, “कटाई मैंने नहीं करवाई. ऊपर बताना है तो मेरा नाम बताओ. टोले का माल चालू रहेगा.” मग बायांकडे वळून, “नाल्याच्या इकडची पट्टी मी आखरीले ठेवली होती. उद्यापासून तुमचा टोला तिथी तोडन.”

अलीकडच्या गावची एक बाई लगेच म्हणाली, “आमच्या हद्दीत ह्या काऊन, मुन्शीभाऊ?”

“हद्द वाघाची राहते बाई. तुह्या अंगावर पट्टे कुठी हायेत?”

तानुबाईने आभार वगैरे काही मानले नाहीत. “कटाई काऊन नाई केली गा भाऊ?” एवढंच विचारलं.

“राहून गेली,” अब्बा म्हणाले.

रात्री जेवताना मी विचारलं. दरवर्षी जो माणूस सगळी छाटणी पुढे उभं राहून करवून घेतो, त्याची एक अख्खी बाजू राहून कशी जाते?

“तू पिवळी पडून होतीस ना नागपूरले,” ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले. “मंग? ऊस कोणं सोलून दिला असता?”

फेब्रुवारीत मला कावीळ झाली होती. मी घरी येणार नव्हते. गणितं अर्ध्यावर होती. मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना आत सोडत नसत. मी बरी होईपर्यंत अब्बा रोज चौकीदाराच्या बाकावर बसून ऊस सोलायचे, गंडेऱ्या करून डब्यात भरायचे आणि आत पाठवायचे. मी त्या खात आकडेमोड करायचे. ते काम मी माझ्या जिद्दीच्या खात्यात जमा धरलं होतं.

“मला सांगायचं ना,” मी म्हणाले.

“काय सांगायचं? मीठ दे. वरणाले मीठच नाई.”

मी मीठ दिलं. एरवी मला रडू येत नाही, तेव्हाही आलं नाही. पण त्या रात्री मी आलेखाचा कागद काढला नाही.

प्रकरण मी बदललं. दोन्ही पक्षांची बाजू मांडून लिहिलं की फक्त राक्षसी तारे पाहून याचा निकाल लागणार नाही. न फुगलेल्या ताऱ्यांचा प्रकाश फाकवता येईल तेव्हाच लागेल. सर चिडले. “तळ्यात की मळ्यात?” म्हणाले. मी म्हटलं, “सध्या काठावर, सर.” पदवी मिळाली, मात्र कोणी टाळ्या वाजवाव्यात अशी नव्हती. टोल्याचा हंगाम पार पडला. डागी माल अब्बांनी आपल्या जबाबदारीवर वेगळा काढला. पुढच्या वर्षी ठेकेदाराने फडावर दुसरा मुन्शी नेमला. अब्बा वडसाच्या दुकानात बसू लागले. तोवर प्लास्टिकचे डबे आले होते, दुरुस्तीला फारसं कोणी येत नव्हतं.

काही वर्षांनी, नवं शतक लागल्यावर, दक्षिण गोलार्धातल्या एका मोठ्या दुर्बिणीने ते मंद, न फुगलेले तारे वाचले. मी ते आमच्या कॉलेजच्या वाचनालयात, पंख्याखाली उभ्याने वाचलं. त्यांच्यातही तोच उतरता आलेख होता. ऑक्सिजन कमी तिथे सोडियम जास्त. म्हणजे सोडियम घरचं. आधीच्यांनी शिजवलेलं, जाताना मागे ठेवलेलं. नेमकं कोणी शिजवलं, कसं सोडलं, यावर अजून भांडणं चालू आहेत, ती चालू राहोत. पण या ताऱ्यांनी ते स्वतः केलं नव्हतं, हे नक्की झालं.

मात्र सगळंच घरचं नाही. राक्षसी तारा जसजसा फुगत वर चढतो तसतसा त्याच्या अंगावरचा कार्बन खरोखरच घटत जातो, आणि ती घुसळण त्याची स्वतःची असते. वर्गात हा भाग आला की एखादी मुलगी हमखास विचारते, “मॅडम, मग ताऱ्याचं स्वतःचं असं काहीच नसतं का?” मी सांगते, कार्बन. कार्बन बघ. काही जणींना ते पुरतं, काहींना नाही. मलाही त्यांच्या वयात पुरलं नसतं.

ट्रक दिसला त्या संध्याकाळी मी वडसाला फोन केला. अब्बांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळा मोहल्ला आमचं बोलणं ऐकतो. म्हटलं, आज तेंदूचा ट्रक दिसला, त्या वर्षीची कटाई आठवली.

“कोणत्या वर्षीची?”

“मला कावीळ झाली होती तेव्हाची.”

“हां,” ते म्हणाले. “त्या बाजूची औंदा झाली म्हणते. एटापल्लीकडचा एक ड्रायव्हर आला होता दुकानावर, त्याले विचारलं.”

वडसाला अब्बांजवळ राहणारा माझा भाऊ नंतर फोनवर म्हणाला, त्यात नवीन काय. मुन्शीपण सुटून इतकी वर्षं झाली, तरी फाल्गुन लागला की दुकानावर तिकडचा कोणीही आला, मीठवाला असो, कंडक्टर असो, अब्बा त्याला आधी पाणी देतात आणि मग विचारतात, नाल्याच्या पलीकडची कटाई झाली का.